दख्खनचा सुभेदार

मराठवाड्यात वाढलेल्या आमच्या पिढीला 'निजाम' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात भेटण्याआधी गल्लीत भेटला. क्रिकेट खेळताना भांडण झाले की समोरचा मुलगा आम्हाला 'निजामाची अवलाद' म्हणायचा. घरी येऊन विचारावे तर वडीलधारी माणसे हसून गप्प बसत. आमच्या घरात कोणी जहागीरदार नव्हते. आजोबांच्या पिढीत कोणी विणकर, कोणी तांबोळी, कोणी दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. निजामाने आमच्यासाठी काय ठेवले होते, हे शोधायला गेलो तर एक पडका ओटाही सापडला नसता. तरीही दर वर्षी १७ सप्टेंबर आला, मुक्तिसंग्रामाची भाषणे सुरू झाली की वर्गात आमची मान आपोआप खाली जायची.

पुढे वाचू लागलो तेव्हा दुसरे टोक दिसले. आपल्यातलेच काही लोक निजामशाही म्हणजे जणू आपल्या घरचे गेलेले वैभव, अशा सुरात बोलत. अत्तर, शेरवानी, बिर्याणी आणि 'आमचे राज्य'. ज्यांच्या पूर्वजांना त्या राज्यात दोन वेळची भाकर कष्टानेच मिळाली, तेही हा सूर लावत. पहिल्या टोकाला शरम, दुसऱ्या टोकाला फुशारकी. आम्हाला दोन्ही उसनी वाटतात. म्हणून हा लेख त्या माणसाविषयी आहे, ज्याच्यापासून हा शब्द दख्खनमध्ये रुजला. त्याचे नाव मीर कमरुद्दीन. १९४८ साली ज्यांचे राज्य संपले ते सातवे निजाम मीर उस्मान अली खान, आणि हा पहिला. याचा मृत्यू १७४८ चा. मधे बरोबर दोनशे वर्षे गेली. पहिल्याचा हिशेब सातव्याच्या खात्यावर आणि सातव्याचा पहिल्याच्या खात्यावर मांडू नये, एवढे पथ्य आधी पाळू या.

खुलताबादला गेलात तर बहुतेक गाड्या औरंगजेबाच्या कबरीपाशी थांबतात. ती कबर हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. रस्त्याच्या पलीकडे हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. तिथे श्रद्धाळू येतात, फातेहा पढतात, निघून जातात. त्याच आवारात आणखी काही कबरी आहेत, तिकडे फारसे कोणी वळत नाही. त्यांतली एक मीर कमरुद्दीनची आणि दुसरी त्याचा मुलगा नासिरजंग याची. ज्याने सहा सुभ्यांवर हुकूम चालवला, त्याच्यापाशी आज वाटाड्याही थांबत नाही. आम्ही तिथे उभे राहिलो तेव्हा मनात प्रश्न आला तो असा : हा माणूस इथला होता की बाहेरचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मीर कमरुद्दीन दख्खनला राजा म्हणून आला नव्हता, तो सुभेदार म्हणून आला होता. सुभेदार म्हणजे बादशहाने दूरच्या प्रांतावर नेमलेला अंमलदार. फौज, बंदोबस्त आणि फौजदारी कारभार त्याच्या हाती. वसुलीचा हिशेब मात्र दिवाणाच्या हाती, आणि दिवाण थेट केंद्राला बांधलेला. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी अशी ती योजना होती. सुभेदाराची दर काही वर्षांनी बदली व्हायची. मनसब वंशपरंपरेने चालत नसे, जहागीरही आज इथे तर उद्या तिथे. उमराव मेला की त्याच्या मालमत्तेवर सरकारी जप्ती येई. एकूण, सुभेदाराने कुठे मूळ धरू नये अशीच सारी व्यवस्था होती.

ही तऱ्हा केवळ मोगलांची होती असे नाही. त्याच काळात इंग्लंडचा राजा अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींवर असेच गव्हर्नर नेमत होता. व्हर्जिनिया वसाहतीचा गव्हर्नर अर्ल ऑफ ऑर्कनी हा स्कॉटलंडचा एक बडा उमराव होता. १७३७ साली मरेपर्यंत तो व्हर्जिनियाचा गव्हर्नर म्हणून मिरवला, पण त्याने व्हर्जिनियाच्या भूमीवर पाऊलही ठेवले नाही. पदाचा मान आणि मिळकत त्याची, प्रत्यक्ष कारभार त्याच्या दुय्यमाचा. दख्खनमध्येही हे घडलेच. सय्यद बंधूंपैकी हुसेन अली खान दिल्लीच्या राजकारणात गुंतला, तेव्हा दख्खनची सुभेदारी त्याच्या नावावर आणि औरंगाबादेत कारभार पाहणारा त्याचा पुतण्या आलम अली खान. जमीन इथली, रयत इथली. तिचे भवितव्य ठरवणारा मात्र शेकडो कोसांवर. रयतेच्या दृष्टीने लंडन काय आणि दिल्ली काय, दूर ते दूरच.

मीर कमरुद्दीनचा जन्म ऑगस्ट १६७१ चा. घराणे तुराणी, म्हणजे मध्य आशियातून आलेले. आजोबा आबिद खान हे समरकंद-बुखाऱ्याकडचे विद्वान घराण्यातले गृहस्थ. शाहजहानच्या अखेरच्या काळात ते हिंदुस्थानात आले आणि औरंगजेबाच्या चाकरीत चढले. १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून त्यांचा हात गेला आणि त्यातच ते वारले. त्यांची कबर हैदराबादजवळ आहे. वडील गाझीउद्दीन फिरोजजंग हे औरंगजेबाचे नामांकित सेनापती. साथीच्या रोगात त्यांची दृष्टी गेली तरी ते मोहिमांवर जात राहिले. आई सफिया खानम ही शाहजहानचा वजीर सादुल्ला खान याची मुलगी. म्हणजे पोराच्या रक्तात एका बाजूने तलवार आणि दुसऱ्या बाजूने दफ्तर होते.

हा मुलगा दख्खनच्या छावणीतच मोठा झाला. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दख्खनला उतरला तो परत गेलाच नाही. पंचवीस वर्षे बादशाही फौज किल्ल्यामागून किल्ला घेत फिरली आणि एक किल्ला घ्यावा तोवर मागचा गमावत गेली. तरुण कमरुद्दीनला 'चिन किलिच खान' हा किताब मिळाला. १७०५ च्या वाकिणखेड्याच्या वेढ्यात त्याने नाव कमावले, विजापूरच्या सुभ्याचा कारभारही पाहिला. पण या वर्षांत त्याने सगळ्यांत मोठी गोष्ट पाहिली ती बादशहाचे अपयश. एवढी फौज, एवढा खजिना, एवढा हट्ट. आणि तरीही मराठ्यांचा बंदोबस्त झाला नाही. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ औरंगजेब वारला, तेव्हा कमरुद्दीन पस्तीस वर्षांचा होता. त्याची पुढची सारी हयात म्हणजे त्या अपयशातून हळूहळू शिकलेला धडा आहे, असे आम्हाला वाटते. धडा तो चटकन शिकला नाही, हेही खरे.

वारसायुद्धात त्याने कोणाचीही फार बाजू घेतली नाही. नव्या बादशहाने अवधला नेमले, तिथे मन रमेना म्हणून चाकरी सोडून काही काळ दिल्लीत फकिरासारखा राहिला. १७१३ साली फर्रुखसियर गादीवर आला तेव्हा त्याला 'निजाम-उल-मुल्क' हा किताब आणि दख्खनची सुभेदारी मिळाली. दख्खन म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद असे सहा सुभे, आणि त्यांचे मुख्य ठाणे औरंगाबाद. मलिक अंबरने १६१० साली वसवलेली ही खडकी. १६५३ च्या सुमारास शहजादा औरंगजेबाने तिला आपले नाव दिले, आणि आज सरकारदरबारी तिचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. पण पहिली सुभेदारी दोनच वर्षे टिकली. १७१५ मध्ये सय्यद बंधूंनी त्याला हटवले. मुरादाबाद, मग १७१९ मध्ये माळवा. बदलीच्या कागदावर नाचणारा आणखी एक उमराव, एवढीच तोवर त्याची कथा होती.

ती कथा १७२० मध्ये बदलली. सय्यद बंधू आपला काटा काढणार हे ओळखून निजाम माळव्यातून निघाला आणि नर्मदा ओलांडून दख्खनमध्ये शिरला. असीरगड आणि बुऱ्हाणपूर हाती आले. जूनमध्ये त्याने दिलावर अली खानाला आणि ऑगस्टमध्ये वऱ्हाडात बाळापूरजवळ आलम अली खानाला हरवले. दोघेही रणात पडले. थोड्याच दिवसांत हुसेन अली खानाचाही खून झाला. हुकमाविना दख्खनमध्ये आलेला सुभेदार आता हुकमाचा धनी झाला.

बादशहा मुहम्मदशाहने त्याला दिल्लीला बोलावून वजिरी दिली. १७२२ मध्ये तो वजीर झाला. दरबारातली लाचखोरी थांबवावी, खालसा जमिनी ज्याला त्याला वाटू नयेत, मनसबी लायकांनाच द्याव्यात, अशा सुधारणा त्याने सुचवल्या. त्याच यादीत त्याने जिझिया पुन्हा लागू करावा असेही सुचवले. मुहम्मदशाहने तो कर १७२० मध्ये रद्द केला होता. हे आपण झाकू नये. ज्या कर्तबगार माणसाला कारभारातली कीड बरोबर दिसली, त्याला हे कळले नाही की सैल झालेले राज्य गैरमुस्लिम रयतेवर कर बसवून घट्ट होत नसते. बादशहाने तो सल्ला मानला नाही. बादशहाचे त्या बाबतीत बरोबर होते. बाकीच्या सुधारणाही दरबाराने उडवून लावल्या. म्हाताऱ्या वजिराच्या जुन्या चालीरीतींची थट्टा होऊ लागली. १७२३ च्या अखेरीस निजाम शिकारीचे निमित्त करून दिल्लीबाहेर पडला आणि दख्खनच्या वाटेला लागला.

दरबाराने हैदराबादच्या मुबारिज खानाला त्याच्याविरुद्ध उभे केले. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा इथे लढाई झाली. मुबारिज खान मारला गेला. त्या लढाईत पेशवा बाजीरावाची फौज निजामाच्या बाजूने होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. बादशहापुढे झाले ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. दख्खनची सुभेदारी निजामाकडे कायम झाली. पुढे त्याच बादशहाने त्याला 'आसफजाह' हा किताब दिला. आता सुभेदारी आणि दिवाणी या दोन्हींचे दोर निजामाच्याच हातात होते. नेमणुका तोच करी, जहागिरी तोच देई. बदलीचा कागद आता येणार नव्हता.

पण दिल्लीशी झगडा मिटला तरी खरा प्रश्न दिल्लीचा नव्हताच. तो चौथाईचा होता. १७१९ साली पेशवा बाळाजी विश्वनाथाने सय्यद बंधूंच्या मदतीने दिल्लीहून शाहू महाराजांसाठी सनदा आणल्या होत्या. त्यांनुसार दख्खनच्या सहाही सुभ्यांच्या वसुलातून चौथाई, म्हणजे शेकडा २५, आणि वर सरदेशमुखी, म्हणजे शेकडा १०, मराठ्यांना मिळायची होती. निजामाच्या नजरेने पाहिले तर हा त्याच्या तिजोरीला पडलेला मोठा भोक. मराठ्यांच्या नजरेने पाहिले तर ज्या मुलखासाठी ते पंचवीस वर्षे लढले त्या मुलखातला त्यांचा हक्क. जानेवारी १७२१ मध्ये चिखलठाण येथे निजाम आणि तरुण बाजीराव समोरासमोर बसले. निजाम पन्नाशीला टेकलेला, बाजीराव विशीतला. गोड बोलणी झाली, पण चौथाईचा हक्क निजामाने मनापासून मानला नाही.

१७२७ मध्ये निजामाने एक डाव टाकला. सातारचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या दोघांत चौथाईचा खरा धनी कोण, याचा निवाडा होईपर्यंत आपण कोणालाच काही देणार नाही, असे त्याने जाहीर केले. दूरच्या मालकाच्या वतीने बसलेला अंमलदार नेहमी हेच करतो. स्थानिकांतली भांडणे पुढे करून त्यांचा सगळ्यांचाच हक्क टांगून ठेवतो. डाव कागदावर पक्का होता. रणात तो उलटला. बाजीरावाने हलक्या घोडदळानिशी जालना, सिंदखेडची बाजू लुटली, बुऱ्हाणपुरावर जाण्याची हूल दिली आणि गुजरातेत उतरला. निजाम पुण्यापर्यंत पोहोचला, तेव्हा बाजीराव औरंगाबादच्या रोखाने वळल्याची बातमी आली. निजाम घाईने फिरला. गोदावरी ओलांडताना जड तोफखाना मागे राहिला. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याला गाठून कोंडले. दाणा नाही, पाणी नाही. ज्याने दख्खनच्या छावणीत हयात घालवली होती, तो त्याच दख्खनच्या उन्हात एका विहिरीला मोताद झाला. ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहूंची चौथाई आणि सरदेशमुखी निजामाला मान्य करावी लागली.

ही लढाई हिंदू आणि मुसलमान यांच्यातली होती असे दोन्हीकडचे उत्साही लोक सांगतात. निजामाच्या बाजूने त्या काळात चंद्रसेन जाधव आणि रंभाजी निंबाळकर यांच्यासारखे मातब्बर मराठा सरदार होते. चंद्रसेन म्हणजे सेनापती धनाजी जाधवांचा मुलगा. चार वर्षांपूर्वी साखरखेर्ड्याला निजाम आणि बाजीराव एका बाजूने होते आणि समोर मुबारिज खान, तोही मुसलमान. हा झगडा वसुलाचा होता, मुलखाचा होता, मानाचा होता. आणि दोघांच्या वसुलाचा भार ज्याच्या पाठीवर होता तो कुणबी मात्र दोन्हीकडून भरडला जात होता. पुढे कित्येक गावांत निजामाचा आणि मराठ्यांचा असा 'दोअमली' कारभार चालला. दोन अंमल, दोन कमाविसदार, आणि शेत एकच. निजामाची किंवा बाजीरावाची थोरवी गाताना त्या कुणब्याला विसरलो, तर आपण पुन्हा दरबाराचाच इतिहास लिहू.

तहानंतरही निजामाने डावपेच सोडले नाहीत. १७३७ मध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन आला, तेव्हा घाबरलेल्या बादशहाने निजामालाच बोलावले. त्या वर्षाच्या अखेरीस भोपाळजवळ तो पुन्हा बाजीरावाच्या वेढ्यात सापडला. जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराईचा तह होऊन माळव्याचा हक्क आणि ५० लाख रुपये त्याला कबूल करावे लागले. पुढच्याच वर्षी इराणचा नादिरशाह आला. फेब्रुवारी १७३९ मध्ये कर्नालला बादशाही फौज मोडली. बोलणी करायला निजामच पुढे झाला आणि काही रक्कम घेऊन नादिरने परत जावे असे ठरतही आले. पण उमरावांच्या आपसातल्या असूयेने ते फिसकटले. मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. सत्तरीजवळ आलेल्या निजामाने ती राजधानी रक्तात भिजलेली पाहिली. ज्या केंद्राच्या नावाने तो दख्खनमध्ये राज्य करत होता, ते केंद्र आता नावालाच उरले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एवढे होऊनही त्याने स्वतःला बादशहा म्हणवून घेतले नाही. खुतबा मोगल बादशहाचा, नाणे मोगल बादशहाचे. आसफजाही नाण्यांवर मोगलांची नावे थेट १८५८ पर्यंत चालली. काही अभ्यासक याला स्वामिनिष्ठा म्हणतात, काही चतुराई. आमच्या मते दोन्ही होते. सुभेदार हे पद त्याने सोडले नाही, पण त्या पदाचा अर्थ बदलून टाकला. दूरच्या धन्यासाठी वसूल गोळा करणारा तो राहिला नाही. वसूल इथेच राहू लागला, फौज इथेच पोसू लागली. आणि ज्याने धन्याला न विचारता गादी बळकावली, त्याला घरातही तेच भोगावे लागले. दिल्लीत असताना ज्या नासिरजंगाला त्याने नायब नेमले होते, त्यानेच बंड केले. १७४१ मध्ये औरंगाबादच्या परिसरात बापलेक लढले. बापाने मुलाला हरवले, कैदेत टाकले आणि पुढे माफ केले.

या उतारवयात औरंगाबाद शहराला त्याने दिलेली सोबत मोठी आहे. भडकल दरवाजाजवळ मलिक अंबरने बांधलेला नौखंडा महाल हे त्याच्या वास्तव्याचे ठिकाण होते. १७४४ च्या सुमारास त्याच्या पदरच्या तुर्कताज खान या उमरावाने पाणचक्कीचे काम केले. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून काही मैलांवरून आणलेले पाणी उंचावरून पडते, त्यावर जाते फिरते आणि दळलेले पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियातल्या फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटात जाते, अशी ती योजना. बाबा शाह मुसाफिर हेही बुखाऱ्याकडून आलेले. म्हणजे तिकडून तलवारवालेही आले आणि भाकरी वाटणारेही आले. लोकांनी कोणाला अधिक जवळ केले, हे पाणचक्कीवर गुरुवारी गेल्यावर समजते.

त्याच तकियात गुलाम अली आझाद बिलग्रामी राहिले. अरबी-फारसीचे एवढे मोठे विद्वान, पण दरबाराच्या नोकरीपासून लांब. सिराज औरंगाबादी याच शहरात गझला लिहीत होते. निजामाच्या दफ्तरात लाला मनसाराम हे पेशकार होते. धर्मादाय आणि इनामांच्या खात्यात एक हिंदू अंमलदार बसलेला होता, याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. त्यांचा मुलगा लछमीनारायण 'शफीक' हा याच शहरात जन्मला, आझादांचा शागीर्द झाला आणि फारसीत इतिहास व कवींची चरित्रे लिहून गेला. ज्या निजामाने वजीर असताना जिझियाची शिफारस केली, त्याच निजामाच्या आठवणी पुढच्या पिढीसाठी जपून ठेवल्या त्या या मनसारामांनी.

मनसारामांच्या लिखाणातच निजामाची वसीयत आलेली आहे. १७४८ च्या मे महिन्याच्या अखेरीस, बुऱ्हाणपूरजवळ आजारी पडलेला हा ७६ वर्षांचा म्हातारा नासिरजंगाला जवळ बसवून सांगतो आहे. त्या सल्ल्यांचा सारांश आमच्या शब्दांत असा : दख्खनवर ज्याला राज्य करायचे आहे त्याने मराठ्यांशी सलोखा ठेवावा, कारण ते या मुलखाचे जमीनदार आहेत, मात्र सलोखा ठेवताना राज्याची शान जाऊ देऊ नये. माणूस मारणे सोपे नाही असे समजावे, देहान्ताचा निर्णय काझीवर सोपवावा. एका जागी बसून राहू नये, तंबूत राहून मुलूख फिरत पाहावा. चाकरांना आपल्या बायकामुलांना भेटायला रजा द्यावी. बादशहाशी बेइमानी करू नये. १ जून १७४८ रोजी तो वारला आणि त्याला खुलताबादेत आणून दफन केले.

'ते या मुलखाचे जमीनदार आहेत' हा आमच्या मते त्याच्या हयातीचा मथितार्थ आहे. १७२१ मध्ये ज्याला हे मान्य नव्हते, १७२७ मध्ये ज्याने हे टाळण्यासाठी डाव रचला, पालखेडला आणि भोपाळला ज्याने मार खाल्ला, तो शेवटी मुलाला सांगतो की त्यांचा हक्क मान. धडा पराभवातून आला, हे खरे. पण पराभवातून सगळेच शिकत नाहीत. औरंगजेब शिकला नाही.

वीस वर्षांनी, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, असाच एक प्रसंग घडला. १७६८ साली नॉर्बोर्न बर्कली, लॉर्ड बोटेटोर्ट हा इंग्रज उमराव व्हर्जिनियाचा गव्हर्नर होऊन गेला. ऑर्कनीसारखा घरी न बसता तो स्वतः गेला. स्वभावाने गोड, वागणुकीने सभ्य. वसाहतीतल्या लोकांना तो आवडला. पण मे १७६९ मध्ये तिथल्या प्रतिनिधी-सभेने ठराव केला की आमच्यावर कर बसवण्याचा हक्क फक्त आम्हाला आहे; तेव्हा त्याने ती सभा बरखास्त केली. सभासद जवळच्याच एका खाणावळीत जमले आणि त्यांनी इंग्रजी मालावर बहिष्काराचा करार केला. ऑक्टोबर १७७० मध्ये बोटेटोर्ट तिथेच वारला. विल्यम्सबर्गच्या कॉलेजच्या चॅपेलात त्याला पुरले, लोकांनी त्याचा पुतळा उभारला. आणि पाचच वर्षांत त्याच्यानंतरच्या गव्हर्नराला जहाजावर पळून जावे लागले. माणूस भला होता. पण त्याच्या पदाला इथला हक्क मान्य नव्हता. पुतळा राहिला, पद गेले.

त्या अमेरिकेत १७८१ साली हरलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. निजामाचा मुलगा निजाम अली खान त्याच्याबरोबर टिपूविरुद्ध लढला, आणि १७९८ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज घेऊन बसला. मराठ्यांशी सलोखा ठेवा म्हणणाऱ्या बापाचे घर दीडशे वर्षे इंग्रजांच्या आधाराने उभे राहिले. राजधानी तर १७६३ मध्येच हैदराबादेला गेली होती. कॉर्नवॉलिसची कबर गाझीपूरला आहे, म्हणून तो इथला झाला असे कोणी म्हणत नाही. म्हणजे नुसत्या कबरीने माणूस कोणत्या मातीचा, हे ठरत नाही. जन्मानेही ठरत नाही. मलिक अंबर हबशी देशातून आला आणि त्याने हे शहर वसवले. आधीपासून इथे राहणाऱ्यांचा हक्क तुम्ही मानता की नाही, आणि इथून गोळा केलेले इथे ठेवता की नाही, यावर ते ठरते. या कसोटीवर मीर कमरुद्दीन जन्मभर बाहेरचा होता, आणि अखेरच्या काळात बराचसा इथला झाला, असे आम्ही म्हणू.

आणि आपण? आपल्याला या कसोटीची गरजच नाही. आपण सुभेदाराबरोबर आलो नाही. आपण ज्यांच्याकडून वसूल घेतला गेला त्यांच्यातले आहोत. आपली आई मराठीत ओव्या म्हणते, आपला बाप हुरड्याच्या दिवसांत शेजारच्या पाटलाच्या शेतावर जातो. ज्या जमिनीवर निजाम आणि पेशवे भांडले, तिच्यावर आपले पूर्वज नांगर धरून, माग चालवून, कापूस पिंजून जगत होते. 'निजामाची अवलाद' म्हणणाऱ्याला आता आम्ही रागावत नाही. त्याला आम्ही खुलताबादला घेऊन जाऊ इच्छितो. तिथे त्या साध्या कबरीपाशी उभे राहून सांगू : हा आमचा पूर्वज नव्हे. तुझ्या-माझ्या पूर्वजांनी ज्याला शेतसारा भरला तो हा सुभेदार. याने चुका केल्या, मार खाल्ला, आणि मरताना मुलाला शहाणपणाचे चार शब्द सांगितले. ते शब्द तुझ्या उपयोगाचे आहेत आणि माझ्याही.

मग दोघे मिळून पाणचक्कीवर जाऊ. तिथले जाते आज पूर्वीसारखे कोणाची भाकर दळत नाही. पण ते बांधले होते वाटेने येणाऱ्या प्रत्येकासाठी, आणि त्याने कधी कोणाला विचारले नाही, की तू इथला की बाहेरचा.